गवळी, पुरुष, समोरून

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान.
पाटीवर कानडी वर, ठळक; मराठी खाली,
पावसाळ्यात जिथं शेवाळ धरतं तिथं.
आत एक स्टूल, एक पांढरा पडदा,
आरशाच्या खिळ्याला दोरीनं बांधलेला कंगवा.
दिवसभर मी माणसांना सांगतो :
कान दिसू देत. हसू नका. हनुवटी जरा खाली.
तिन्ही वाक्यं दोन्ही भाषांत पाठ.

मैसूरची सहना आली, विद्यापीठातली.
परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाच्या कपाटातून
निघालेली एक प्रत घेऊन.
साफ करून मोठा करा, म्हणाली,
चेहरा कुणाला तरी ओळखू येईल असा.

मी आधी उजेड बघितला. सवय.
सकाळचा, डावीकडून, अजून तिरका.
फोटोवाल्याला काम येत होतं, हे कबूल करायला पाहिजे.
मागं चादर, तिच्या कडेला
ती धरून उभ्या असलेल्या कुणाची तरी तीन बोटं.
मधोमध माणूस. कांबळं काढून घेतलेलं.
शेजारी मोजकाठी, इंचाइंचाला काळा पट्टा.
खाली शाईनं :
गवळी, पुरुष, समोरून. बेळगाव जिल्हा.
उंची पाच फूट साडेचार इंच.
आणि पलीकडं तोच पुन्हा :
गवळी, पुरुष, बाजूनं.

नाव नव्हतं.
नाव लिहायला जागाच आखलेली नव्हती.

जांबोटीच्या वर, रस्ता संपतो त्याच्याही वर,
गवळीवाड्यात ठकूबाई झोरे म्हशीचं दावं वळत बसलेली.
तिनं प्रत लांब धरली, मग जवळ.
सहना वही उघडून तयार :
आज्जी, कोण असंल? तुमच्यापैकी कोण?

'कोण की गा. तोंडं सगळ्यांची अशीच.
खरं काठी आमची हाय.'

कुठली काठी?

'ही की. पट्टं मारलेली.
मुळासकट उपटलेला चिवा हाय ह्यो,
मुठीला बोखा बघ तसाच.
सायबाची असती तर तासून गुळगुळीत केली असती.
ह्याच्याच हातातली घेतली,
रंगीवली,
आणि ह्यालाच मोजला.'

आणि ती पुन्हा दाव्याला लागली.
सहनानं बराच वेळ काही लिहिलं नाही.

रात्री दुकानात येऊन मी फाईल उघडली.
चेहरा सोडला. उजवा हात मोठा केला, आणखी मोठा,
दाण्यादाण्याचा होईपर्यंत.
बोटं सरळ नव्हती.
अर्धवट मिटलेली, मध्ये पोकळी,
चिव्याच्या जाडीची.
आठ दिवस मी त्याला प्लेटचा दोष समजत होतो.
एक बोट तर मी सरळही करून टाकलं होतं.

ते परत वाकवायला
मला पहाट झाली.
जमलंय असं म्हणवत नाही.

मार्गशीर्षात ठकूबाई खाली आली,
पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता.
स्टुलावर बसली. मी पडदा ओढला.
काठी बाजूला ठेवा, असं ओठावर आलं,
तीस वर्षं येतंय तसं,
आणि मी गप्प राहून लेन्सची टोपी शोधू लागलो,
जी खिशातच होती.
तिनं दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली.
कान दिसत होते. हसली नव्हती.

फोटोत काठी येत नाही. चौकट छातीशी तुटते.
येतो फक्त उजवा खांदा,
जरासा वर उचललेला.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, शेरा कानडीत.
मी तिला मराठीत वाचून दाखवला :
खांदे एका रेषेत नाहीत.

'असूदेत की,' ती म्हणाली,
आणि दाराशी टेकवून ठेवलेली काठी
उचलायच्या आधी
एकदा माझ्याकडं बघितलं,
मोजल्यासारखं.